नुसतं ओठांनी

लाल, गुळगुळीत, अंगठ्याच्या नखाएवढं काहीतरी वॉशिंग मशीनच्या ड्रमला आतून चिकटून बसलं होतं, आणि तोमोए हातात ओला टॉवेल धरून त्याच्याकडे बघत राहिली — किती वेळ, ते तिलाही सांगता आलं नसतं. आधी बटण वाटलं. मग कसलंतरी टोपण. नखानं काढायला गेली तर निघेना, उलट सरकून लांब जायला लागलं, आणि मग टक् करून सुटलं नि तळहातावर पडलं. चुंबक. म्हणजे गाण्याच्या क्लासमधलं. म्हणजे हिमारीच्या फ्रॉकच्या खिशातून... म्हणजे हा 'दो'.

मुराकोशीबाईंच्या पांढऱ्या फळ्यावर पाच काळ्या रेघा आहेत आणि त्यांच्यावर चढत जाणारी रंगीत चुंबकं, एकेका सुराचं एकेक. नारिंगी रे, पिवळा मी, हिरवा फा. लाल दो सगळ्यांत खाली. पाच रेघांच्याही खाली, स्वतःपुरत्या एका आखूड रेघेवर एकटाच बसतो. बाई चुंबक लावतात, तो सूर एकदा गाऊन दाखवतात, मग उताणा तळहात पुढे करून थांबतात. मग मुलं गातात, आणि मुलांच्या मागे मांडी घालून बसलेल्या आयाही गातात. तसा नियमच आहे तिथे, आईनं नुसतं बसायचं नाही.

तिच्या साडेतीन वर्षांच्या मुलीनं फळ्यावरून पहिला सूर उचलून खिशात घातला होता. याला चोरी म्हणायचं का, असं तोमोएच्या मनात आलं, आणि त्याच्यापाठोपाठ जे यायला हवं ते काहीच आलं नाही. राग नाही, हसू नाही. तिनं चुंबक आपल्या पँटच्या खिशात टाकलं आणि टॉवेल झटकला.

मागे एकदा दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं होतं, तेव्हा घरी येताना ती सारखी स्वतःच्या खालच्या ओठाला बोट लावून बघत होती. बोटाला ओठ कळत होता. ओठाला बोट कळत नव्हतं. संध्याकाळपर्यंत उतरेल म्हणाले होते, आणि उतरलंही. पण तसंच काहीतरी आता सगळ्या अंगाला... कधीपासून? काही घडलेलं नाही. हेच तर कुणाला सांगता येत नाही — की काहीच घडलेलं नाही. कुणी गेलं नाही, कुणी सोडलं नाही. नवऱ्याची, केइगोची, बदली सापोरोला झाली, एकट्याची, त्याच्या कंपनीत सगळ्यांचीच होते तशी. रविवारी तो फोनवर हसतो आणि हिमारी पडद्यावर त्याच्या नाकाला बोट लावते. घर आहे, ऊन आहे, गॅलरीत वारा आहे. कपडे वाळतात. टीव्हीचा आवाज कुणीतरी बारीक करून ठेवावा आणि चित्र मात्र स्वच्छ दिसत राहावं, तसं. मी चित्र बघते. चित्रात मी कपडे वाळत घालते.

हिमारी जेवणाच्या टेबलाखाली बसून एका चमच्याला झोपवत होती. त्याच्या अंगावर रुमाल घालून, थोपटून. तिच्याकडे शब्द फार थोडे होते आणि तेही कुजबुजून — पाणी, नको, चंद्र. तीन वर्षांच्या मुलांच्या सरकारी तपासणीत तिथल्या परिचारिकेनं तिला चित्रं दाखवली होती. हिमारी प्रत्येक चित्राला बरोबर बोट लावायची, पण नाव सांगायची नाही. थोडं पाहू या, परिचारिका म्हणाली, नवीन वर्ष लागलं की परत घेऊन या. थोडं पाहू या. तेव्हापासून तोमोए पाहते आहे.

क्लास सासूबाईंनी शोधला. त्या दोन गल्ल्या पलीकडे राहतात आणि बेल वाजवत नाहीत. दार सरकवून आधी पिशवी आत ठेवतात, मग स्वतः येतात. आजही आल्या. पिशवीत मिक्काबीची संत्री होती, मोसमातली पहिली, अजून सालीवर हिरवी.

"आजच ठरणार ना गं ते? गाण्यात घेतायत की घुंगरं देतायत?"

क्लासच्या नोव्हेंबरातल्या कार्यक्रमात गाणारी मुलं पुढे उभी राहतात; ज्यांचा आवाज अजून निघत नाही त्यांना हातात घुंगरांची मूठ देऊन कडेला उभं करतात. आजच म्हणाल्यात बाई, असं तोमोए म्हणाली.

"घुंगरं मिळाली तरी रडत बसू नकोस," सासूबाई संत्रं सोलत म्हणाल्या. "केइगोला मी दोन वर्षं पियानोला घातलं होतं. काय झालं? सिमेंट विकतो. पण विकताना बोलतो कसं तालात, ऐकलंयस ना? ते फुकट नाही आलेलं."

या गावात, हमामात्सूत, पियानो बनतात, त्यामुळे ज्या घरात कुणाला वाजवता येत नाही तिथेही एखादा असतोच. सासूबाईंच्या पियानोवर संत्र्यांची खोकी असतात. तोमोए हसली. म्हणजे जिथे हसायचं तिथे तिचे ओठ फाकले, आणि सासूबाईंचं समाधान झालं. आपण रडत बसू असं यांना का वाटतं... रडायला बसता आलं असतं तर.

क्लास स्टेशनरीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. सायकल लावून, हिमारीला मागच्या सीटवरून उतरवून ती जिना चढली तेव्हा वर चपला काढत बाकीच्या आया बोलत होत्या. तिथे कुणालाच स्वतःचं नाव नसतं. रेन्तोची आई, हिमारीची आई. रेन्तोची आई सांगत होती, की हा घरी सकाळपासून एवढं गातो की खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी काल जिन्यात गाठून फार नम्रपणे विचारलं, हा क्लास रोज का नाही ठेवत? सगळ्या हसल्या. तोमोएचेही ओठ फाकले. मग रेन्तोची आई तिच्याकडे वळून म्हणाली, "तुमची बरी बाई गुणाची. थोडी अदलाबदल करू या का आठवडाभर?" तिच्या मनात काही नव्हतं. खरंच नव्हतं. आणि तोमोएलाही काही लागलं नाही, फक्त जिथे लागायला हवं होतं ती जागा तिला कळली, अंधारात टेबलाचा कोपरा हाताला कळतो तशी.

नाव घातलं त्या दिवशी मुराकोशीबाई म्हणाल्या होत्या, लोक मला विचारतात, एवढ्याशा पोरांना गाणं शिकवून काय होतं. गाणं मागून येतं. आधी ऐकणं येतं. या वयात कान असे सताड उघडे असतात, पुढे मिटत जातात. मग थांबणं येतं. दुसऱ्याची पाळी असताना थांबायचं, आणि ते थांबणं मोकळं नाही, त्यातही ताल चालू आहे, हे एकदा पोराला कळलं की ते शाळेत, घरात, कुठेही थांबू शकतं. आणि चुकलं तर पुढच्या ठोक्याला पुन्हा पकडता येतं, हे कळतं. मोठ्यांनासुद्धा कळत नाही हो हे. ज्यांच्याकडे शब्द कमी आहेत त्यांचे शब्द सुरावर बसून येतात, मी पाहिलंय... बाई पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, बोलताना गुडघ्यावर बोटानं ठेका धरणाऱ्या. तोमोएनं तेव्हा सगळ्याला मान डोलावली होती. दर गुरुवारी तिनं हिमारीला आणलं होतं. दर गुरुवारी हिमारीच्या मागे बसून ती गायली होती.

म्हणजे — गायली नव्हती.

बाईंनी फळ्यावर चुंबकं लावायला घेतली आणि मध्येच थांबल्या. "दो कुठे गेला आज आपला?" मुलांनी पियानोखाली शोधलं. रेन्तोनं स्वतःच्या मोज्यात शोधलं. तोमोएचा हात खिशात होता आणि मुठीत ते चुंबक होतं, अंगाच्या उबेनं गरम झालेलं. उठायचं, दोन पावलं पुढे जायचं, माफ करा म्हणायचं, इतकं सोपं होतं, आणि ती बसून राहिली. हिमारी फळ्याकडे बघत होती, अगदी शांत. बाईंनी लाल पेनानं एक गोल काढला आणि म्हणाल्या, चला, आज हा त्याच्या जागी आलाय.

एकेकाला पुढे बोलावलं. रेन्तो बाईंचा हात पुढे यायच्या आतच सुरू झाला. बाईंनी हात मागे घेतला, रागावल्या नाहीत, परत पुढे केला. मग दुसरी एक मुलगी. मग हिमारी.

हिमारी पेनानं काढलेल्या त्या लाल गोलासमोर जाऊन उभी राहिली. बाई गायल्या, हात पुढे केला. आणि हिमारीनं तोंड उघडलं. गोल उघडलं, दोसाठी उघडतात तसं. मग रेला ओठ ताणले, मीला आणखी ताणले, शब्द आले तेव्हा शब्दांचे आकार केले, ओळ संपली तिथे खांदे हलकेच उचलून श्वास घेतला, पुढची ओळ. डोळे चमकत होते. अख्खं गाणं ती गायली. खोलीत मात्र खालच्या दुकानातल्या झेरॉक्स मशीनचा आवाज येत होता, तेवढाच.

बाईंनी पियानोवरचा हात काढला, खाली वाकल्या, कान तिच्या तोंडाजवळ नेला. मग तिच्या डोक्यावर थोपटलं. हिमारी धावत येऊन आईच्या मांडीत बसली. जिंकून आल्यासारखी.

क्लास सुटल्यावर जिन्याच्या तोंडाशी बाई म्हणाल्या, "हिमारीची आई, एक मिनिट." मुलं बुटांचे पट्टे लावत होती. बाई हळू बोलल्या.

"तिचा शब्द एकही चुकत नाही, माहितीये? श्वास तर असा जागच्या जागी घेते, रेन्तोला अजून ते जमत नाही. लाजरी मुलं मी खूप पाहिलीत. लाजरी मुलं तोंड उघडत नाहीत, आईच्या मागे लपतात. ही लाजत नाही. हिला वाटतं, गाणं म्हणजे हेच."

तोमोए म्हणाली, हो का.

"कुणाचं तरी बघून उचललं असणार. पोरं कानांनी कमी, डोळ्यांनी जास्त शिकतात. टीव्हीवर बघते का काही? आवाज बंद करून?" मग तोमोएच्या चेहऱ्यावर बाईंना काय दिसलं कोण जाणे, त्यांनी तो विषय तिथेच सोडला. "घुंगरं देऊ म्हणता की थांबू थोडं? दोन्ही चांगलंच आहे. पुढच्या गुरुवारी सांगा."

तोमोएनं काहीतरी उत्तर दिलं. ओठ हलल्याचं तिला आठवत होतं.

सहावीत, शरद ऋतूतल्या समूहगानाच्या स्पर्धेला आठवडा राहिला असताना वर्गाच्या सरांनी तिला दारापाशी बोलावलं होतं. अजिबात रागावून नाही. खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, तोमोए, तू असं कर, फक्त ओठ हलव. तोंड छान उघडतेस तू. आणि तिला वाईट वाटलं नव्हतं — वाटलं होतं का? — तिला वाटलं होतं की आपल्याला एक काम दिलंय, नीट करायचं. कुणाच्याही वर्गात असे दोन-तीन असायचेच. सगळ्यांना माहीत असायचं, कुणी बोलायचं नाही. घरी आरशासमोर तिनं सराव केला. स्पर्धा वर्गानं जिंकली. शाळेच्या जिन्यात फोटो लागला त्यात सगळ्यांत पुढे, सगळ्यांत मोठं तोंड उघडलेली, सगळ्यांत तल्लीन, ती होती. तिच्या आईनं त्या फोटोची प्रत मागून घेतली. बघा कशी जीव ओतून गातेय, असं पाहुण्यांना सांगायची.

आणि मग ते इतकं सोपं होऊन गेलं. पदवीदान समारंभातलं गाणं. ऑफिसमधलं रोज सकाळी सगळ्यांनी एकत्र म्हणायचं कंपनीचं गीत. लग्नातल्या मेजवानीत केइगोच्या मित्रांबरोबर. कुणाला कधी कळलं नाही. कळण्यासारखं त्यात होतं काय? आवाज इतरांचा असायचाच भरपूर.

पण हिमारी तान्ही असताना, रात्री त्या खोलीत तर इतर कुणी नव्हतं. बाळ नव्हतं झोपत, तेव्हा उशीशेजारी फोनवर अंगाई लावून मी तिच्यावर वाकून थोपटायची, आणि माझे ओठ अंगाईतल्या बाईच्या आवाजाबरोबर... तिला बरं वाटावं म्हणून. आई गातेय असं वाटावं म्हणून. ती झोपायची नाही. ती बघत राहायची, दिव्याच्या पिवळ्या उजेडात, माझ्या तोंडाकडे, इतकं एकटक, इतकं मनापासून, की मला वाटायचं, किती प्रेम आहे हिचं माझ्यावर.

सायकल वाऱ्याविरुद्ध जड चालत होती. या दिवसांत वारा डोंगराकडून सुटतो आणि थांबायचं नावच घेत नाही. सिग्नलला ती थांबली तेवढ्यात खांबावरच्या कर्ण्यांतून पाचची धून सुरू झाली, मुलांना घरी जा म्हणून सांगणारी, रोजची, गावभर एकेका कर्ण्यातून किंचित मागेपुढे, त्यामुळे लांबून आपल्याच मागे धावत आल्यासारखी. शेजारच्या बंद दुकानाच्या काचेत सायकल दिसत होती. मागच्या सीटवर पिवळं हेल्मेट घातलेली हिमारी, मान वर करून, धुनेबरोबर तोंड उघडत होती, मिटत होती. गोल, ताणलेलं, गोल.

तिच्या वर, काचेत, तोमोएचं तोंडही तेच करत होतं.

तिनं मुद्दाम केलं नव्हतं. तिला माहीतही नव्हतं आपण करतोय. दोन मासे, काचेच्या आत. तिनं ओठ घट्ट मिटले, आणि काचेतलं दुसरं तोंड धून संपेपर्यंत एकटंच गात राहिलं. सिग्नल हिरवा झाला, मागच्या कुणीतरी घंटी वाजवली, आणि तिनं पॅडल मारलं. घरापर्यंत तिला एकच कळत होतं — की हे कळायला हवं, आत कुठेतरी जाऊन आदळायला हवं, आणि ते अजून वाटेतच आहे.

जेवणाआधी आंघोळ. टबमध्ये पाणी भरताना तिनं कपडे काढून टोपलीत टाकले आणि खिशातलं चुंबक फरशीवर पडलं. विसरलीच होती. हिमारीनं ते तिच्याआधी उचललं, दोन्ही हातांत धरलं. हरवलेलं कुणीतरी सापडावं तसं तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि ते घेऊनच ती टबमध्ये उतरली. तोमोए तिच्यासमोर गुडघे पोटाशी घेऊन बसली. पाणी गळ्यापर्यंत आलं. वाफ. बाहेर वाऱ्यानं गॅलरीतली काठी खांबावर आपटत होती.

हिमारीनं ओल्या तळव्यानं भिंतीवरची वाफ पुसली. मग बोटानं एक रेघ काढली, आखूडशी, पाण्याच्या थोडीच वर. या बाथरूमच्या भिंतींना आतून पत्रा आहे. तिनं चुंबक टेकवलं नि ते टक् करून बसलं. लाल. त्याच्या स्वतःपुरत्या रेघेवर एकटं. हिमारी जराशी मागे सरली, जागा बरोबर आहे का पाहिलं, आणि मग आईकडे वळून तिनं हात पुढे केला, तळहात उताणा, पाण्याचे थेंब गळत असलेला.

आणि थांबली.

तोमोएचं तोंड आपोआप उघडलं. गोल. सवयीचं, सफाईदार. समोर हिमारीचंही उघडलं, तेवढंच गोल. वाफेत दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत होत्या. लहानगीच्या डोळ्यांत कौतुक होतं, बाईंच्या डोळ्यांत असतं तसं... हे बरोबर आहे, असं तिला वाटत होतं. हे असंच असतं, असं.

तोमोए खाली सरकली. हनुवटी, मग ओठ पाण्यात गेले. नाकाशी पाणी आलं, आणि तिनं तिथे, पाण्याच्या आत, आवाज सोडला.

बुडबुडे आले, मोठे, बेढब. पण घशात काहीतरी खरखरत हललं — बंद पडलेलं एखादं दार रेटावं तसं — आणि ते छातीत कळलं, दातांना कळलं, टबच्या तळातून मांड्यांना कळलं. सूर होता की नव्हता, पाण्यात कुणाला ठाऊक. खाली असेल, वर असेल, सहावीतल्याइतकाच वाकडा असेल. श्वास संपेपर्यंत तिनं तो सोडला. हिमारी बुडबुड्यांकडे बघत होती. एक तिनं बोटानं फोडला. मग तिनं मान हलवली. नाही. रागावून नाही, हात मागे घेतला, आणि परत पुढे केला.

पाणी नाकातोंडाशी डुचमळत होतं. तोमोएनं मान वर केली. ओठ हवेला उघडे पडले, गार लागले, आणि खालच्या ओठाच्या एका कोपऱ्यात काहीतरी बारीक टोचलं. तिला आठवलं — तेव्हाही, त्या इंजेक्शननंतर, आधी ओठ परत आला नव्हता. आधी हे टोचणं आलं होतं, नेमकं इथेच, आणि स्वयंपाकघरात उभी असताना तिनं घाबरून तिथे हात लावला होता.

हे मला नको आहे, असं तिला वाटलं. इतकं स्वच्छ, इतकं जवळून कितीतरी दिवसांत काही वाटलं नव्हतं.

तिनं श्वास घेतला. तो खूप खोल गेला. समोर तो इवला तळहात पाण्यावर तसाच धरलेला होता, अवघडून. पण खाली येत नव्हता. हिमारीला थांबता येत होतं. क्लासमध्ये ते ती शिकली होती.